लोगोच्या खाचेतली धूळ

दुपारच्या उन्हात काळ्या गाडीच्या बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं, त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतात. पुसणाऱ्याने हात गोल फिरवला म्हणून ती उमटली, असा समज आहे. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्याच दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे उजेड फेकतात आणि सगळे मिळून वर्तुळाचा भास होतो. जरा बाजूला सरकलात, की वर्तुळंही सरकतात.

हे ओरखडे बहुतेक वेळा रंगावर नसून त्यावरच्या पारदर्शक क्लिअर कोटवर असतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या केसापेक्षाही कमी. तो पॉलियुरेथेनसारख्या प्लास्टिकचा असतो, आणि वाळूतलं क्वार्ट्झ तर काचेवरही ओरखडा काढतं. फडकं कितीही मऊ असो, त्याखाली असा एक कण सापडला की हाताचा सगळा जोर त्याच्या टोकावर एकवटतो. एखाद-दोन मायक्रॉन खोल चरासुद्धा उन्हात चमकतो. पॉलिश करून तो घालवता येतो, पण पॉलिश म्हणजे आजूबाजूचा थर घासून कमी करणं. तो पुन्हा भरून येत नाही.

मुंबईत मेट्रोची कामं, रस्त्यांचं काँक्रिटीकरण आणि टॉवरची बांधकामं यांमुळे असे कण हवेत असतातच. काळा पाषाण फोडून केलेल्या वाळूचे कण तर धारदार कोनांचे. ओरखड्यांचा दोष काही जण खाऱ्या वाऱ्याला देतात. मीठ पत्र्याला गंजवतं हे खरं, पण ते क्वार्ट्झपेक्षा खूपच मऊ आणि पाण्यात विरघळणारं. त्याचा उपद्रव वेगळा आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरतं, धूळ ओली होते आणि वाळली की पत्र्याला धरून बसते. वरळी सी फेसला किंवा दादर चौपाटीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवरची धूळ म्हणूनच नुसत्या वाऱ्याने उडत नाही.

अशा धुळीवर रोज सकाळी कोरडं किंवा जेमतेम ओलं फडकं फिरतं. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्याला आपण एका बादलीत अनेक गाड्या उरकायला लावतो, त्यात त्याचा काय दोष? रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुतलेली गाडी केव्हाही बरी.

खरी कसोटी लागते ती लोगो, मॉडेलच्या नावाची अक्षरं, ग्रिल आणि हँडलमागची खोबण इथे. अक्षरांच्या खाचांत धूळ साठते. फडक्याची कड तिथे अडकते, कण ओढून बाहेर आणते आणि शेजारच्या सपाट रंगावर फिरवते. म्हणून तिथे आधी पाण्याची धार, मग कार शाम्पूचा फेस. शाम्पूतले रेणू कणाला वेढतात, पृष्ठभागापासून सोडवतात आणि मधे निसरडा थर ठेवतात. फेस दोन-चार मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका; त्यासाठी गाडी सावलीत आणि पत्रा गार हवा. मग मऊ केसांचा ब्रश शाम्पूच्या पाण्यात बुडवून अक्षरांच्या कडांतून हलकेच फिरवा. रंगकामाचा नवा ब्रश चालतो, मात्र त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा, नाहीतर तीच पट्टी ओरखडा काढेल. जुना टूथब्रश नको, त्याचे केस राठ असतात. चाकांचा ब्रश इथे आणायचाच नाही, कारण त्यात ब्रेकमधून झडलेली लोखंडी धूळ असते. लोगो बहुधा चिकटपट्टीवर बसवलेला असतो, तेव्हा प्रेशर पंपाची धार अगदी जवळून मारू नका.

कबुतरांची विष्ठा नखाने खरवडू नका. तिच्यातलं युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही आणि उन्हाने तापलेला क्लिअर कोट मऊ पडलेला असतो. मायक्रोफायबरचं, म्हणजे अतिबारीक धाग्यांचं, ओलं फडकं तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, मग न घासता अलगद उचला.

धुऊन झाल्यावर अक्षरांमागे अडकलेलं पाणी ओघळत राहतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, तर ते वाळून कॅल्शियमचे पांढरे डाग उरतात. त्या फटींत हवा मारा किंवा मायक्रोफायबरचं टोक टेकवून पाणी टिपून घ्या.