फुजिवारा घराण्याचा उदय

फुजिवारा हे जपानमधील सर्वांत प्रबळ दरबारी घराणे. सातव्या शतकाच्या मध्यापासून अकराव्या शतकापर्यंत त्याची सत्ता वाढत गेली. राज्य हातात असूनही या घराण्यातील कोणी सिंहासनावर बसला नाही. ते सम्राटांचे आजोळ झाले, आणि कारभार आजोळाकडे राहिला.

मूळ पुरुष नाकातोमी नो कामातारी (६१४–६६९). नाकातोमी हे शिंतो विधी सांभाळणारे कुळ होते. दरबारात मात्र सोगा कुळाचा शब्द चाले. ६४५ मध्ये कामातारी व राजपुत्र नाका नो ओए यांनी सम्राज्ञी कोग्योकू हिच्यासमोर, भर दरबारात सोगा नो इरुका याला ठार केले. इरुका सतत तलवार बाळगी. ती विदूषकाकरवी युक्तीने आधीच काढून घेतली होती. निवेदन वाचणारा दरबारी कटात सामील होता. त्याचे हात कापू लागले, आवाज थरथरला, आणि इरुकाने ‘का कापतोस?’ असे विचारले, असे ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथात नोंदले आहे. पुढे हाच राजपुत्र सम्राट तेन्जी झाला. कामातारी मृत्युशय्येवर असताना त्याने त्याला ‘फुजिवारा’ हे कुलनाम दिले. फुजी ही जांभळ्या घोसांची वेल. फुजिवारा म्हणजे त्या वेलींचे माळरान.

घराण्याची खरी घडी कामातारीचा मुलगा फुहितो (६५९–७२०) याने बसवली. ७०१ च्या ताइहो कायदेसंहितेच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता, पण त्याहून दूरगामी ठरल्या त्याच्या सोयरिकी. एक मुलगी सम्राट मोन्मूला दिली. तिचा मुलगा शोमू सम्राट झाला. त्याच शोमूला फुहितोने दुसरी मुलगी कोम्यो दिली. तोवर सम्राज्ञीपद राजकुळातील स्त्रीलाच मिळे. ७२९ मध्ये ते कोम्योला मिळाले. याला आडवा येऊ शकणारा राजपुत्र नागाया याला त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपावरून आत्महत्या करावी लागली. ७३७ च्या देवीच्या साथीत फुहितोचे चारही मुलगे दगावले, तरी त्यांच्या चार शाखा टिकल्या. त्यांपैकी उत्तर शाखा पुढे वरचढ ठरली.

ही व्यवस्था समजून घ्यायची तर तेव्हाची कुटुंबरीत पाहावी लागते. मुलीचे बाळंतपण माहेरी होई आणि नातवावर आजोळची माया व हुकमत दोन्ही असत. ८५८ मध्ये उत्तर शाखेतील योशिफुसाचा आठ वर्षांचा नातू सेइवा सम्राट झाला. ८६६ मध्ये योशिफुसाला ‘सेश्शो’ म्हणजे बालसम्राटाचा कारभारी हे पद मिळाले. राजकुळाबाहेरचा तो पहिलाच. त्याचा दत्तक पुत्र मोतोत्सुने ‘काम्पाकू’ म्हणजे प्रौढ सम्राटाचा कारभारी झाला. प्रतिस्पर्धी दूर सारले गेले. विद्वान मंत्री सुगावारा नो मिचिझाने याची ९०१ मध्ये दूरच्या दाझाइफूला झालेली रवानगी ही त्यातली सर्वांत चटका लावणारी.

या सत्तेचा कळस त्याच शाखेतील मिचिनागाच्या (९६६–१०२८) काळात झाला. १००८ मध्ये त्याची मुलगी शोशी त्याच्याच वाड्यात बाळंत झाली. तिच्या सेवेत असलेल्या मुरासाकी शिकिबूच्या रोजनिशीत एक प्रसंग आहे : नातवाने आजोबांचा अंगरखा भिजवला, आणि तो शेगडीवर वाळवताना आजोबा आनंदाने फुलून गेले. हा नातू म्हणजे पुढचा सम्राट गो-इचिजो. राज्याचे भवितव्य आजोबांच्या मांडीवर कसे खेळे, हे यापेक्षा जवळून क्वचितच दिसते. १०१८ मध्ये तिसरी मुलगी सम्राज्ञी झाली, तेव्हा सम्राज्ञी व राजमाता पदांच्या तिन्ही पायऱ्यांवर त्याच्याच मुली होत्या. त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने हे जग आपलेच आहे, पूर्णचंद्रासारखे कुठेच उणे नाही, अशा आशयाची कविता म्हटली.

त्याचा मुलगा योरिमिची सुमारे 50 वर्षे कारभारी होता; उजी येथील ब्योदो-इनचा फिनिक्स मंडप (१०५३) त्यानेच उभारला. पण सम्राटांना दिलेल्या त्याच्या मुलींना मुलगा झाला नाही. १०६८ मध्ये गो-सान्जो गादीवर आला. त्याची आई राजकन्या होती, आणि त्याचे आजोळ राजकुळातच होते.