स्टेअरिंग ढिलं की मऊ?

दाजींनी गेल्या वर्षी एक जुनी सेडान घेतली. कागलहून हायवेने कोल्हापूरला परत येताना त्यांचं एकच पालुपद चालू होतं. "स्टेअरिंगला प्ले आहे रे. मधे जरा हलवलं तर गाडीला पत्ताच नाही." तीच गाडी राजारामपुरीच्या गल्लीत वळवताना मात्र म्हणाले, "वळते मात्र झकास. सव्वा फेऱ्यात काम."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण एकदा प्ले म्हटल्यावर गाडी गॅरेजला गेली आणि तिथल्या मिस्त्रींनी रॅक, म्हणजे स्टेअरिंगची चाकं वळवणारी दातेरी पट्टी, आवळून दिला. आठवड्याने गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो, तर एका वळणानंतर स्टेअरिंग सरळ व्हायचं नावच घेईना. दाजींनी ते दोन्ही हातांनी ओढून जागेवर आणलं. समोरून एसटी येत होती. फार जवळ नव्हती, पण त्यानंतर वैभववाडीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

उद्यमनगरात लेथवर काम केलेल्या माणसाला यातली मेख दोन मिनिटांत कळते. क्रॉस स्लाइडचं, म्हणजे कापायचं हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचं, हँडल उलट दिशेला फिरवायला घेतलं की सुरुवातीचा थोडा फेरा वाया जातो. हँडल फिरतं, स्लाइड ढिम्म. स्क्रू आणि नट यांच्यातली ही मोकळी जागा म्हणजे बॅकलॅश. आता समजा, स्क्रूचे आटे बारीक आहेत. मग अख्खा फेरा मारूनही स्लाइड थोडीच सरकते, पण सरकते. पहिल्या प्रकारात हात फिरतो आणि काहीच होत नाही, दुसऱ्यात हात फिरतो आणि थोडंसं होतं. गाडीत पहिल्याला प्ले म्हणतात, दुसऱ्याला रेशो. दाजींच्या गाडीत दोन्ही होते आणि नेमके एकाच जागी होते, म्हणूनच सगळा घोळ.

रेशो म्हणजे पुढची चाकं एक अंश वळायला स्टेअरिंग किती अंश फिरवावं लागतं तो आकडा. बहुतेक मोटारींत तो १४ ते २० च्या दरम्यान असतो. आपण १६ धरू. स्टेअरिंगचा व्यास ३७ सेंटिमीटर असेल तर १६ अंश म्हणजे कडेवर साधारण ५ सेंटिमीटर, तीन बोटांची रुंदी. तेवढं फिरवलं की चाकं एक अंश वळली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर असेल, तर गाडी सुमारे १४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागते. ताशी २० किलोमीटरला हे जाणवतही नाही. पण वेग चौपट झाला की बाहेर फेकणारी ओढ सोळापट होते. निव्वळ हिशेबाने ताशी ८० ला तीच तीन बोटं गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांशाहून जास्त ओढ निर्माण करतात. डॅशबोर्डवरचा मोबाइल घसरू शकतो. (टायर दबतात, घसटतात, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी होतं, कधी निम्म्याच्या आसपास; पण मुद्दा तोच राहतो.)

म्हणजे हायवेवर सगळा कारभार स्टेअरिंगच्या मधल्या तीन-चार बोटांत चालतो. तिथे रेशो संथ, म्हणजे मोठ्या आकड्याचा हवा, नाहीतर शिंक आली तरी गाडी लेन बदलेल. घाटातल्या उलट्या वळणावर मात्र चाकं तीसेक अंश वळवायची असतात. १६ च्या हिशेबाने ते झाले ४८० अंश, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर तिसरा हिस्सा. तिथे रेशो जलद असला तर हात उचलून पुन्हा पकडायची कसरत वाचते. मध्यभागी संथ, कडांना जलद, हीच बदलत्या रेशोच्या स्टेअरिंगची कल्पना. दाजींच्या गाडीत तेच होतं.

हे साधायला ना मोटर लागते ना सेन्सर. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक असतं, ते रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं. बदलत्या रेशोत पिनियन साधाच राहतो, रॅकचे दात बदलतात. मधल्या दातांचा कल आणि अंतर एक, कडेच्या दातांचं दुसरं. त्यामुळे पिनियनचा एक फेरा मधे रॅकला कमी सरकवतो, कडेला जास्त. असा प्रत्येक दात वेगळा असलेला रॅक साध्या कटरने कापणं अवघड, म्हणून हे दात बहुधा फोर्जिंगने, तापवून साच्यात दाबून घडवतात. या तंत्राशी ऑस्ट्रेलियन अभियंता आर्थर बिशप याचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. आपल्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत धातू तापवून आकार देणं ज्यांच्या रोजच्या हातातलं, त्यांना असा रॅक एकदा हातात घेऊन बघावासा वाटेल.

पॉवर स्टेअरिंग नव्हतं तेव्हाच्या काही गाड्यांत याच्या नेमकं उलट करत. कडेला रेशो संथ ठेवत, म्हणजे उभी गाडी पार्क करताना दंड भरून येत नसत. पॉवर स्टेअरिंग आलं, जोर लावायचं काम यंत्राने घेतलं आणि कडा जलद करायची मोकळीक मिळाली.

इलेक्ट्रॉनिक प्रकार याच्या पुढचा. होंडाने २००० साली एस२००० च्या एका आवृत्तीत वेगानुसार रेशो बदलणारं स्टेअरिंग आणलं. २००३ च्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजमध्ये स्टेअरिंगच्या दांड्यावर ग्रहमालेसारखी गिअरची जोडणी बसवली आणि एक मोटर तुमच्या फिरवण्यात स्वतःचे अंश मिळवू किंवा वजा करू लागली. हुशार काम आहे. पण हाताला एका वळणाची सवय एकदाच लागते, आणि तेच वळण वेगळ्या वेगात वेगळं फिरवायला लागलं की हात गोंधळतो. मला स्वतःला दातांत कोरलेला रेशो जास्त प्रामाणिक वाटतो. तो आज जसा आहे तसाच उद्याही असतो.

आता हाताला जे कळतं त्याकडे वळू. चाक वळलं की टायर रस्त्याला टेकतो तिथली पकड टेकल्या जागेच्या मध्याच्या थोडी मागे लागते, त्यामुळे चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. हीच ओढ रॅकमधून हातापर्यंत येते. पकड संपत आली की आधी ही ओढ कमी होते आणि पकड त्यानंतर सुटते. श्रावणात ओल्या घाटात स्टेअरिंग अचानक हलकं लागलं, तर तो रस्त्याने दिलेला इशारा असतो. बदलत्या रेशोत कडेला रॅक जास्त सरकतो, म्हणून तीच ओढ तिथे हाताला जास्त जड लागायला हवी. पॉवर स्टेअरिंग ती झाकतं. किती झाकायची हे ज्या इंजिनिअरला साधलं त्याची गाडी चालवायला गोड, बाकीच्यांची व्हिडिओ गेमसारखी.

मग दाजींच्या गाडीचं काय झालं? गाडी आयुष्यातला बहुतेक प्रवास सरळच करते, म्हणून रॅक मधेच झिजतो. कडेचे दात नवेच राहतात. रॅकच्या पाठीमागे स्प्रिंगने दाबलेला एक ठोकळा असतो, तो रॅकला पिनियनवर चिकटवून ठेवतो. त्याचा नट आवळला की मधली मोकळी जागा जाते आणि मिस्त्री खूश होतो. पण न झिजलेल्या कडांना तेवढी जागाच नसते. तिथे दात दातात रुतून बसतात, आणि टायरची सरळ व्हायची ओढ त्या घर्षणापुढे हरते. करूळ घाटात हेच घडलं.

दुसरी एक चूक अलाइनमेंटच्या वेळी होते. स्टेअरिंग वाकडं दिसतं म्हणून दोन्हीकडचे टाय रॉड, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणारे दांडे, समान जुळवण्याऐवजी स्टेअरिंगच उपसून एखादा खाचा पुढे बसवतात. साध्या रॅकला ते खपून जातं. बदलत्या रेशोत मात्र संथ पट्टा सरळ दिशेपासून बाजूला सरकतो आणि डावीकडे गाडी एक, उजवीकडे दुसरी वाटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगवर ३० अंशांपर्यंतचा बॅकलॅश चालवून घेतो. आपल्या ३७ सेंटिमीटरच्या स्टेअरिंगवर ते होतात जवळजवळ १० सेंटिमीटर. जीप आणि ट्रकच्या जमान्याला ते ठीक होतं, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आजही चालेल. रॅकवाल्या मोटारीत मी त्याच्या चौथ्या हिश्श्यालाच गाडी गॅरेजला नेईन.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी एक काम केलं. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावली, मला पुढच्या टायरसमोर उकिडवं बसवलं आणि दोन बोटांनी स्टेअरिंग हळूहळू हलवलं. "टायर हललं की ओरडा." पट्टी अडीच सेंटिमीटर सरकली तेव्हा मी ओरडलो. एवढाच खरा प्ले होता. मग गाडी जॅकवर घेऊन डावं चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, तर टक्क असा आवाज. टाय रॉडचं टोक गेलं होतं, रॅकचा त्यात जेमतेम वाटा होता. त्यांनी ते टोक बदललं, आवळलेला नट मोजून सैल केला, अलाइनमेंट केलं. पट्टी आता नखाएवढीही सरकत नव्हती.

रविवारी पुन्हा कागलकडे गेलो. नव्वदच्या वेगाला दाजी म्हणाले, "मधे अजून मऊच आहे की रे."

चिकटपट्टी अजून स्टेअरिंगवरच होती. मी म्हणालो, "दाजी, एक बोट हलवून बघा." त्यांनी हलवलं. गाडी पांढऱ्या रेषेकडे अलगद सरकली, आणि बहीण मागून ओरडली.