काकाओ

काकाओ : दक्षिण कोरियातील इंटरनेट कंपनी. तिचे काकाओटॉक हे संदेशांचे अ‍ॅप त्या देशात जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनवर आढळते. नोंदणीकृत कार्यालय जेजू बेटावर असले, तरी कामकाजाचा मोठा पसारा सोलजवळच्या पांग्यो भागात आहे.

संस्थापक किम बोम-सू मूळचे सॅमसंग एसडीएसमधले. १९९८ मध्ये त्यांनी हानगेम ही ऑनलाइन खेळांची कंपनी काढली. २००० मध्ये ती नेव्हर या इंटरनेट-शोधाच्या कंपनीत विलीन झाली. पुढे २००६ च्या अखेरीस त्यांनी आयविलॅब, म्हणजे आजच्या काकाओचे पहिले रूप, स्थापन केली, पण तिच्या पहिल्या संकेतस्थळांना लोकांनी विचारले नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कोरियात आयफोन विक्रीला आला आणि कंपनीने संकेतस्थळांचा नाद सोडून मोबाइल धरला. बंदिस्त गट, खुली चर्चा आणि खासगी संदेश यांसाठी तीन वेगळी अ‍ॅप तयार झाली. त्यांतले १८ मार्च २०१० रोजी आलेले काकाओटॉक तेवढे चालले.

ते का चालले, याचे उत्तर बरेचसे दरपत्रकात आहे. साध्या एसएमएसला तेव्हा २० वॉन पडत आणि त्यात ८० बाइट, म्हणजे कोरियन लिपीतली जेमतेम ४० अक्षरे मावत. व्हॉट्सअ‍ॅप आयफोनवर विकत घ्यावे लागे आणि त्यात गटसंवादही नव्हता. काकाओटॉक फुकट होते, गटसंवाद त्यात पहिल्यापासून होता. नोंदणीला फोन नंबर पुरे. फोनमधली नावे ताडून मित्रयादी आपोआप बने, कुणाला विनंती धाडायची गरज नसे. याचा त्रासही झालाच : घरमालक, साहेब, जुनी प्रेयसी असे सगळेच यादीत येऊन बसत, म्हणून नावे लपवण्याची सोय लागली. संदेशाशेजारचा पिवळा ‘१’ समोरच्याने वाचताच नाहीसा होतो. गटात तो आकडा किती जणांनी अजून वाचले नाही ते दाखवतो. एप्रिल २०११ मध्ये वापरकर्ते एक कोटीवर गेले.

संदेश फुकट, सर्व्हर मात्र महाग. २०११ मध्ये कंपनी तोट्यात होती. २०१२ मध्ये चीनच्या टेन्सेंटने ७,२०० कोटी वॉन घालून सुमारे १३.८ टक्के हिस्सा घेतला. खरी कमाई मित्रयादीतूनच निघाली. संवादाच्या खिडकीतून कॉफीचे कूपन भेट द्यायचे, घेणाऱ्याने दुकानात बारकोड दाखवायचा. शिवाय विकतचे इमोटिकॉन होते. जुलै २०१२ मध्ये खेळ आले. ‘आनिपांग’मध्ये डाव मांडायला ‘हृदय’ लागे आणि ते मित्रांकडून मिळे, त्यामुळे मध्यरात्रीही हृदयांच्या सूचना वाजत. खेळात खर्च झालेल्या १०० वॉनपैकी ३० गूगल वा अ‍ॅपलला, २१ काकाओला आणि ४९ खेळ बनवणाऱ्याला मिळत. ही वाटणी निर्मात्यांना खुपत होती. पुढे मोठे निर्माते आपले खेळ स्वतंत्रपणे आणू लागले.

१ ऑक्टोबर २०१४ रोजी दाऊम या जुन्या पोर्टलशी विलीनीकरण झाले आणि काकाओ आयतीच शेअरबाजारात पोचली. त्याच सुमारास सरकारी पाळतीच्या भीतीने अनेकांनी टेलिग्रामची वाट धरली. तेव्हा कंपनीने सर्व्हरवर संदेश ठेवण्याची मुदत पाच ते सात दिवसांवरून दोन-तीन दिवसांवर आणली. परदेशात मात्र तिला फारसे यश आले नाही. जपान, तैवान आणि थायलंड नेव्हरच्या ‘लाइन’ या संदेशांच्या अ‍ॅपने काबीज केले.

देशात पसारा वाढतच गेला : २०१५ मध्ये टॅक्सी बोलावण्याची सेवा आली, २०१६ मध्ये ‘मेलॉन’ ही संगीतसेवा चालवणारी लोएन कंपनी ताब्यात आली, २७ जुलै २०१७ पासून शाखा नसलेली काकाओबँक सुरू झाली. या बँकेतल्या गटखात्यात मित्रमंडळाची वर्गणी जमते आणि शिल्लक सगळ्यांना दिसते. संलग्न कंपन्या शंभरावर गेल्या, तेव्हा छोट्यांचा धंदा खाल्ल्याची ओरड झाली. २०२१ मध्ये फुले आणि खाऊ घरपोच देण्याच्या व्यवसायातून काकाओने अंग काढून घेतले.

एका अ‍ॅपवर इतके काही टांगून ठेवण्याचा धोका १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दिसला. पांग्योतील एसके सी अँड सी कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. ती विझवताना वीज तोडावी लागली आणि काकाओचे सुमारे ३२,००० सर्व्हर बंद पडले. सेवा पूर्ववत व्हायला १२७ तास ३० मिनिटे लागली. राखीव सर्व्हर दुसरीकडे होते, पण त्यांना कामाला लावण्याचे अधिकार देणारी साधने पांग्योतच होती. तिथे त्यांची दुसरी प्रत होती, अन्य केंद्रात नव्हती. काकाओचे लॉगिन आणि छायाचित्रे पाठवण्याची सोयही तिथेच एकवटली होती. याच इमारतीत नेव्हरचेही सर्व्हर होते. नेव्हरच्या सेवा अडखळल्या, पण पूर्ण थांबल्या नाहीत, कारण त्यांची विभागणी इतर केंद्रांत आधीच केलेली होती. काकाओचे सहमुख्याधिकारी नामगुंग हून यांनी चार दिवसांनी राजीनामा दिला. २०२३ मध्ये आन्सान येथे काकाओचे पहिले स्वतःचे डेटा सेंटर बांधून पूर्ण झाले. तिथे १,२०,००० सर्व्हर मावतात आणि बॅटऱ्यांची खोली वीजयंत्रणेच्या खोलीपासून अग्निरोधक भिंतीने वेगळी केली आहे.