मामाला ते एकच गाणं का नको असतं

माझा मामा गोव्यातल्या हणजुणेचा आणि ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा पक्का फॅन. आजीने घराची मागची खोली परदेशी लोकांना भाड्याने दिलेली असायची, त्यातला एकजण जाताना कॅसेटींचा अख्खा खोका मामाकडे ठेवून गेला, सगळ्या कॅसेटींवर पेन्सिलीने तारीख आणि गावाचं नाव, आणि मामा ते आवाज ऐकतच मोठा झाला. त्या खोक्यातली कुठलीही कॅसेट लावा, तो जेवण टाकून ऐकत बसेल. पण मोबाईलवर चुकून त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'टच ऑफ ग्रे', लागलं की आतून आवाज येतो, "बंद कर गो ते!"

आता गंमत बघा, ज्याला या बँडबद्दल काडीचं माहीत नाही त्याला हेच गाणं पहिल्यांदा आवडतं. चाल सोपी आहे, ठेका हसरा आहे, संध्याकाळपर्यंत तोंडात बसतं. बँड सुरू झाला १९६५ ला, हे गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर पडलं १९८७ ला, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी, आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत थेट नवव्या नंबरपर्यंत गेलं. पहिल्या दहात गेलेलं त्यांचं हे एकच गाणं. तरी जुन्या फॅन्सपैकी बरेच जण आजही त्यावर नाक मुरडतात. बाकी बँड्सचंही असंच होतं, जेनेसिस, येस, कुणाचेही जुने चाहते विचारून बघा. लोक म्हणतात हा नुसता शिष्टपणा आहे, मला ते अजिबात पटत नाही. मामा शिष्ट माणूस नाही, त्याला ते गाणं ऐकताना खरंच त्रास होतो, आणि त्या त्रासामागे मेंदूचं आणि माणसांच्या घोळक्याचं असं दोन्हीकडचं कारण आहे असं मला वाटतं.

आधी मेंदूचं बघू. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते, अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी अक्षरंसुद्धा. पण हे कायम वाढत नाही. डॅनियल बर्लाइनने १९७१ च्या सुमारास मांडलं की आवड आधी चढते, मग माथ्यावर पोचते आणि मग उतरायला लागते, उलट्या यू अक्षरासारखी. साधी चाल लवकर माथ्यावर जाते आणि लवकर उतरते, गुंतागुंतीची चाल हळू चढते पण टिकते. म्हणजे नवा माणूस त्या गाण्याच्या चढणीवर असतो, आणि मामा केव्हाचा पलीकडच्या उतारावर. गाणं एकच, पण दोघं वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत.

आणि मेंदू गाणं ऐकताना नुसता ऐकत नाही, पुढे काय येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत व्हॅलरी सालिमपूर आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांचं सगळ्यात आवडतं संगीत ऐकवून मेंदू स्कॅन केला, तर अंगावर काटा यायच्या काही सेकंद आधीच, नुसत्या वाट बघण्यानेच, डोपामाइन हे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन सुटत होतं. मग २०१९ मध्ये विन्सेंट चेउंग आणि सहकाऱ्यांनी बिलबोर्डवरच्या ७४५ गाण्यांमधल्या सुमारे ८०,००० कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचा, हिशोब मांडला. त्यातून दिसलं ते असं, पुढे काय येणार याची खात्री वाटत असताना धक्का बसला तर मजा येते, आणि काहीच खात्री नसताना फारसा धक्का बसला नाही तरी मजा येते.

आता हे मामाला लावून बघा. ग्रेटफुल डेडची कॉन्सर्ट म्हणजे एकच गाणं कधी सहा मिनिटं तर कधी वीस मिनिटं, मध्येच सगळे वादक कुठेतरी निघून जातात, परत कधी येणार कुणालाच माहीत नसतं, त्यांनाही नसतं. म्हणून तर लोक प्रत्येक शो टेप करायचे, १९८४ पासून बँडने टेप करणाऱ्यांसाठी जागाच वेगळी ठेवली होती. जो कान वर्षानुवर्षं अशा अनिश्चिततेवर पोसलाय त्याला रेडिओवरचं घट्ट बांधलेलं गाणं, दर वेळी जसंच्या तसं, कसला अंदाज बांधायला देणार?

पण इथे एक मोठी अडचण आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे गाणं बँड १९८२ पासूनच स्टेजवर वाजवत होता! पाच वर्षं ते जुन्या फॅन्सच्या कॅसेटींवर होतंच, मामाच्या खोक्यातही आहे. चाल तीच, शब्द तेच. मग १९८७ ला नेमकं काय बिघडलं?

बिघडली ती गर्दी. गाणं एमटीव्हीवर गेलं, सांगाड्यांचा तो व्हिडिओ घरोघर पोचला, आणि शोला इतके नवीन लोक यायला लागले की जुन्यांनी त्यांना 'टचहेड' असं नावच पाडलं. तिकीट नसलेले लोक स्टेडियमबाहेर साचायला लागले, आणि जुलै १९९५ मध्ये इंडियानातल्या एका शोला जमावाने कुंपण तोडून आत उडी घेतली, दुसऱ्या दिवशीचा शो रद्द करावा लागला. ज्याने वीस वर्षं जीव लावला त्याची जागाच हिरावल्यासारखं झालं, आणि त्या सगळ्याची खूण म्हणजे ते गाणं.

यावर जोना बर्जर आणि चिप हीथ यांचा एक सुंदर प्रयोग आहे. स्टॅनफर्डच्या एका हॉस्टेलमध्ये त्यांनी पिवळे रबरी मनगटपट्टे विकले, मग काही दिवसांनी शेजारच्या 'अभ्यासू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉस्टेलमध्येही तेच विकले, आणि पहिल्या हॉस्टेलमधल्या जवळपास एक तृतीयांश मुलांनी पट्टे काढून टाकले. पट्टा काही बदलला नव्हता, घालणारी माणसं बदलली.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायलाही नको. चवथीला आमच्या वाड्यावर आरतीला घुमट हे मातीच्या मडक्याचं वाद्य वाजतं, मामा स्वतः वाजवतो, उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडझाप, मधूनच तो फुगलेला घूं आवाज, बाजूला शामेळ हा ढोल आणि कासाळें म्हणजे झांजा. आमच्या वाड्याची एक चाल होती, शेवटाकडे लय दुप्पट करायची. मग कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकला, तो फिरला आणि दोन वर्षांत आजूबाजूच्या चार वाड्यांवर तीच चाल. त्यानंतर आमच्याच म्हाताऱ्यांनी ती हळूच सोडून दिली, का विचारलं तर म्हणे "आता काय, सगळ्यांचीच झाली." चाल खराब झाली असं कुणीच म्हणालं नाही.

गेल्या महिन्यात मी मामाला न सांगता 'टच ऑफ ग्रे'चं एक लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं. त्याने गाणं अर्थातच दोन सेकंदांत ओळखलं, हात उचललाच होता बंद कर म्हणायला, मग थांबला, मान वाकडी करून जरा ऐकलं, आणि विचारलं, "कुठल्या वर्षाचं गो?"

म्हटलं, ८५ चं.

"मग असू दे," म्हणाला, आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला.