ओली पट्टी, कोरडी पट्टी

पुण्यात मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांवर उतरते. ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या पुढे जाते. तांब्याच्या तारेला याचं काही सोयरसुतक नसतं. वाहक पॉलिमरची, म्हणजे वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकची पट्टी मात्र या दोन ऋतूंत ताणून तिचा ताठपणा आणि वाहकता मोजली, तर दोन वेगळे पदार्थ तपासल्यासारखे आकडे मिळतात.

वीज वाहणारं प्लॅस्टिक ही कल्पना तशी जुनी. १९७७ साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिअॅसिटिलीनला आयोडीनची वाफ देऊन त्याची वाहकता प्रचंड वाढवून दाखवली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. आज प्रयोगशाळेत सर्रास दिसतं ते पेडॉट-पीएसएस, दोन पॉलिमरांचं पाण्यात पसरलेलं गडद निळं द्रावण. पेडॉट वीज वाहतो, पीएसएस त्याला पाण्यात धरून ठेवतो. हा पीएसएसच हवेतली ओल ओढतो, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते.

सुमारे १.२ टक्के घन भाग असलेलं १० मिलिलिटर द्रावण ९ सेंटिमीटर व्यासाच्या टेफ्लॉनच्या बशीत ६० अंशांवर सावकाश वाळवलं, की साधारण २० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सुटतो. त्याआधी द्रावणात ५ टक्के डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक) घालायचं. ते नसेल तर वाहकता सेंटिमीटरला १ सीमेन्सच्याही (सीमेन्स म्हणजे ओहमच्या उलट एकक) खाली राहते, घातलं तर काहीशे सीमेन्सपर्यंत जाते. शेवटी १२० अंशांवर अर्धा तास. हा टप्पा टाळला तर आत उरलेलं डीएमएसओ पट्टी मऊ ठेवतं आणि ताठपणा खोटाच कमी दिसतो.

जाडी मोजायला कॉलेजातला स्क्रू गेज घेऊ नये. त्याचं लघुतम माप १० मायक्रॉन, म्हणजे पापुद्र्याची निम्मी जाडी! १ मायक्रॉन दाखवणारा डिजिटल मायक्रोमीटर हवा, आणि तोही हलक्या हाताने. जाडीत १० टक्के चूक झाली की वाहकतेतही तेवढीच होते आणि ताठपणातही.

आता विजेकडे. दोन टोकांना मल्टीमीटर लावून रोध मोजला तर टेकणीचा आणि तारांचा रोधही त्यात मिसळतो. म्हणून एका ओळीत चार टोकं टेकवतात: बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. पापुद्रा टोकांमधल्या अंतराच्या कितीतरी पट मोठा असेल, तर व्होल्टेज भागिले प्रवाह गुणिले ४.५३२ हा पृष्ठरोध, म्हणजे पापुद्र्याच्या चौरस तुकड्याचा रोध. त्याला जाडीने गुणून उलटा केला की वाहकता. हा आकडा बशीतून सुटलेल्या अख्ख्या चकतीवर चालतो. ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापून तिच्यावर मधोमध, लांबीच्या दिशेने १ मिलिमीटर अंतराची टोकं टेकवली, तर गुणक ३.५७ होतो. तिथेही ४.५३२ वापरला तर रोध २७ टक्के जास्त निघतो. ही चूक फार सामान्य आहे, कारण आकडा बघून काही वावगं वाटत नाही.

सेंटिमीटरला ३०० सीमेन्स वाहकतेच्या अशा चकतीत १ मिलिअँपिअर सोडला की आतल्या टोकांवर जेमतेम ०.३७ मिलिव्होल्ट मिळतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या मल्टीमीटरचा शेवटचा अंक ०.१ मिलिव्होल्टचा, म्हणजे हे काम मायक्रोव्होल्टमीटरचंच. प्रवाह उलटा करून, चिन्ह सोडून दोन्ही रीडिंगची सरासरी घेतली की टेकणीवरच्या तापमानफरकातून येणारं व्होल्टेज कटतं. रीडिंग ठळक दिसावं म्हणून प्रवाह १०० मिलिअँपिअर केला, तर पट्टी तापते, ओल उडते आणि आकडा सरकत राहतो. दहाच्या वर जायची गरज नसते.

रोध मोजत पट्टी ताणताना पंचाईत वेगळीच. ५ मिलिमीटर रुंद, २० मायक्रॉन जाड पट्टीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मिलिमीटर. ती ४० मेगापास्कलला तुटली असं धरलं, तर बल फक्त ४ न्यूटन, चारशे ग्रॅम वजनाएवढं. पाच हजार न्यूटनच्या लोडसेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या संवेदकावर, हे गोंधळातच बुडेल. १० न्यूटनचा लागतो. यंत्राचे धातूचे जबडे पट्टीला थेट भिडले तर प्रवाह सांगाड्यातून निघून जातो, म्हणून दोन्ही टोकांना जाड कागदाचे तुकडे चिकटवतात. वेग मिनिटाला १ मिलिमीटर पुरे.

लांबी ३ टक्के वाढली आणि आकारमान तेवढंच राहिलं, तर रोध नुसत्या भूमितीनेच ६ टक्के वाढतो: लांबी वाढली, छेद कमी झाला. मोजलेली वाढ याहून बरीच जास्त असेल तर आत तडे जात आहेत. पट्टी सैल सोडल्यावरही रोध वरच राहिला, तर संशय पक्का.

आणि ओल. कोरड्या पट्टीचा यंगचा गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, दोन-तीन गिगापास्कल असतो. आर्द्रता वाढेल तसा तो घसरतो, पट्टी फुगते आणि जास्त ताणली जाते. म्हणून तपासणीआधी दिवसभर पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर टांगायच्या; आत आर्द्रता ३३ टक्क्यांवर स्थिर राहते. साधं मीठ घेतलं तर ७५. पावसाळ्यात डब्यातून काढलेली पट्टी काही मिनिटांतच खोलीची ओल घ्यायला लागते, तेव्हा जबडे आणि तारा आधी तयार ठेवून मगच झाकण उघडायचं. जबड्याला लागून तुटलेली पट्टी हिशोबात धरायची नाही.