म्हैसमाळ ते वेरूळ: कातळ वाचत उतरताना

श्रावणात म्हैसमाळच्या पठाराच्या कडेला उभं राहिलं, की समोरच्या डोंगरांच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. उभा काळा कडा, त्याखाली गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. धुकं असेल तर दहा मिनिटं थांबा, वाऱ्याबरोबर ते सरकतं आणि पायऱ्या मोजता येतात. म्हैसमाळ, खुलताबाद आणि वेरूळ या तीन ठिकाणांचं सगळं सौंदर्य या पायऱ्यांतूनच आलं आहे. धबधबाही त्यांनीच दिला आणि लेणीही.

ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा धुमसता डोंगर डोळ्यांपुढे येतो. इथे तसं झालं नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि हजारेक अंशांहून जास्त तापलेला लाव्हा त्यांतून वाहत दूरवर पसरला. एक थर निवला, त्यावर दुसरा आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आज झीज होऊनही त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे.

प्रत्येक थराची वरची आणि मधली बाजू वेगवेगळी असते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. लाव्हा निवताना त्यातले वायू बुडबुडे होऊन वर चढतात. म्हणून थराचा माथा भोकाभोकांचा आणि ठिसूळ राहतो, तर मधला भाग घट्ट आणि जड. विहीर खोदणाऱ्या माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. पोकळ्यांच्या ठिसूळ खडकाला तो मांजऱ्या म्हणतो, घट्ट लागला की पाषाण. पाषाणाचा एक घनफूट तुकडा ऐंशी किलोच्या आसपास भरतो. माथ्याचा मांजऱ्या ऊन-पावसात लवकर कुजून त्याचा मुरूम होतो, त्यावर गवत धरतं आणि उतार तयार होतो. घट्ट भाग मात्र उभ्या भेगांवर तुटतो, म्हणून तिथे कडा राहतो.

दोन थरांच्या मध्ये कधी विटेच्या रंगाचा पट्टा सापडतो. दोन लाव्ह्यांच्या दरम्यानच्या काळात तयार झालेली माती किंवा कुजलेली राख पुढच्या लाव्ह्याखाली दबून भाजली, त्याचा हा थर. घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड दिसली की असा पट्टा शोधावा. चिकणमातीमुळे तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही, म्हणून वरून झिरपलेलं पाणी बऱ्याचदा त्याच्यावरच अडून बाहेर येतं. भर उन्हाळ्यात कोरड्या दरडीत एखादं उंबर हिरवंगार उभं असेल, तर त्याच्या मुळाशी असा झिरपा असण्याची शक्यता धरावी.

आता धबधबा. म्हैसमाळच्या बाजूने येणारी येळगंगा वेरूळच्या कड्यावरून खाली कोसळते. लोक तिथल्या कुंडाला सीतेची न्हाणी म्हणतात. वरचा पाषाण टिकाऊ आणि खालचा थर मऊ असला, की पडणारं पाणी आणि त्यातले गोटे खालची बाजू आधी पोखरतात. वरची कड अधांतरी राहते आणि एके दिवशी भेगेवर तुटून पडते. धबधबा तेवढा मागे सरकतो. कुंडाजवळ टोकदार कडांचे मोठाले धोंडे पडलेले दिसले, तर ते वरूनच आलेले असतात. म्हणून कड्याच्या अगदी पायथ्याशी बसून डबा उघडू नये.

हे धबधबे पावसावर किती अवलंबून आहेत याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. मराठवाडा पर्जन्यछायेत, डोंगरावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. पाणी मुरायला जागाच कमी, त्यामुळे जोराची सर आली की ओढा झपाट्याने फुगतो आणि दोन-तीन दिवस उघडीप पडली की धार बारीक होते. जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला, पण आदल्या दिवशी पाऊस झाला का हे विचारूनच निघावं. पाण्यात उतरला असाल आणि ते अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडला आहे असं समजा आणि ताबडतोब काठावर या. काळ्या खडकावर हिरवट चकाकी दिसली तर ते शेवाळ. त्यावर गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास सरकते.

वेरूळला ३४ लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या पश्चिमाभिमुख कड्यात आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. छिन्नीला हवा असतो एकसंध, घट्ट कातळ, म्हणजे तोच मधला भाग. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या काळातलं कैलास लेणं, क्रमांक १६, तर वरून खाली कोरलं. आधी तिन्ही बाजूंनी खोल चर मारून मधला ठोकळा सुटा केला आणि मग शिखरापासून पायथ्याकडे काम उतरवलं. मंदिराची उंची सुमारे ३० मीटर. उभं राहायला कातळ पायाखालीच, त्यामुळे उंच परांचीची गरज कमी. पण एकदा तोडलेला दगड परत चिकटवता येत नाही. दगड वाचण्यात चूक झाली की ती कायमची. आपल्याला या माणसांच्या दगडाच्या जाणकारीपुढे खरोखर नतमस्तक व्हावंसं वाटतं.

भिंती नीट बघा. छतात थरांची आडवी फट आली असेल तर तिथून खपल्या सुटतात. उभी भेग असेल तर पावसाचं पाणी झिरपतं आणि वाळल्यावर पांढुरका ओघळ मागे राहतो. कुठे पांढरे ठिपके दिसतील, ते बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर साचलेली खनिजं: गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट. लेण्यात बोटही लावू नका, ओरखडा तर दूरच. ओळखायचीच असतील तर लेण्यांपासून दूर, रस्त्याच्या कडेला पडलेला खडा घ्या. चाकूचा चरा उठला नाही तर गारगोटी. चरा उठला, तर निघालेल्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर ते कॅल्साइट.

धबधब्याशेजारचं लेणं म्हणजे २९ क्रमांकाचं धुमार लेणं. जोराच्या पावसात तिकडची वाट बंद केली असेल तर हुज्जत घालू नका. कड्यावर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

क्रम असा ठेवा. सकाळी म्हैसमाळ, जे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापेक्षा सुमारे ५०० मीटर उंच असल्यामुळे साधारण तीन अंशांनी थंड असतं. मग १२ किलोमीटरवरचं खुलताबाद. तिथे औरंगजेबाची साधी कबर आणि मलिक अंबरची कबर बघून घाट उतरा. वेरूळला दुपारी तीनच्या सुमारास पोहोचलात, तर पश्चिमेचा तिरपा उजेड लेण्यांत आत शिरतो आणि छिन्नीचे घाव उठून दिसतात. मंगळवारी वेरूळ बंद असतं.