महिला संचालक आणि स्वतंत्र महिला संचालक

सांगली-मिरजेत कंपनी कायद्याचे काम करताना या दोन संज्ञा एकाच अर्थाने वापरलेल्या मी वारंवार ऐकते.

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 149 नुसार प्रत्येक सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत, तसेच किमान 100 कोटींचे भरणा झालेले भागभांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल) किंवा किमान 300 कोटींची उलाढाल असलेल्या सार्वजनिक (पब्लिक लिमिटेड) कंपनीत, किमान एक महिला संचालक असावी लागते. तिचे प्रवर्तकांशी, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या किंवा तिचा ताबा असलेल्यांशी, नाते नसावे अशी अट नाही. त्यामुळे पत्नी, सून किंवा मुलगी नेमली तरी कायदा पाळला जातो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका घरच्या कंपनीत मी संचालक होण्याच्या संमतीचा फॉर्म घेऊन गेले, तेव्हा मालकांच्या धाकट्या भावाने तो माझ्या हातातून घेतला आणि "तुम्ही चहा घ्या, वहिनींची सही मी आणून देतो," असे म्हणून ते आत गेले. वहिनी वाणिज्य पदवीधर. कारखान्याचे हिशेबही त्यांनी काही वर्षे पाहिलेले. त्या एका सहीने संचालकाची सगळी कर्तव्ये आणि दंडाची जबाबदारी त्यांच्यावर येणार होती, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

स्वतंत्र महिला संचालक प्रवर्तकांची नातेवाईक असू शकत नाही. तिची मुदत सलग पाच वर्षांपर्यंत असते आणि भागधारकांच्या विशेष ठरावाने आणखी एकदाच वाढते. कंपन्यांच्या कारभाराबाबत नेमलेल्या कोटक समितीच्या 2017 मधील शिफारशींनंतर सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) किमान एक स्वतंत्र महिला संचालक नेमण्याची अट 1 एप्रिल 2019 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 500, तर 1 एप्रिल 2020 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना लागू केली. त्याखालच्या कंपन्यांचे घरातल्या सहीवर अजूनही भागते.

संचालक नात्याबाहेरची असली तरी निवडीची रीत बदलतेच असे नाही, आणि मला खरी विषमता तिथे दिसते. संचालकांची नावे सुचवणाऱ्या नामनिर्देशन समितीपुढे येणारी नावे बहुधा विद्यमान संचालकांच्या ओळखीतली असतात, आणि "पूर्वी संचालक मंडळावर काम केलेले हवे" ही अपेक्षा पुरुषांच्याच पथ्यावर पडते, कारण त्या खुर्च्यांवर आजवर तेच बसत आले. शिवाय "किमान एक" याचा अर्थ "एकच" असा लावला जातो.

वहिनी घरच्या कंपनीत स्वतंत्र संचालक होऊ शकत नाहीत. परक्या कंपनीत मात्र होऊ शकतात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या, स्वतंत्र संचालक होऊ इच्छिणाऱ्यांच्या माहितीपेढीत त्यांनी नुकतेच नाव नोंदवले आहे. त्यासाठीची परीक्षा नोंदणीपासून दोन वर्षांच्या आत द्यायची आहे.